शिंगू नदीचा साडेआठशेचा मासा

आमच्या घरात माझं अधिकृत पद पिशवीधारक असं आहे. दर रविवारी सकाळी लालबागच्या मासळीबाजारात पद्मजा पुढे आणि मी मागे. माझं काम पिशवीचं तोंड उघडं ठेवायचं आणि स्वतःचं बंद. हा नियम लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी झाला. शेवंती कोळणीने सुरमईचा भाव सांगितला, पद्मजाने तोंड वाकडं केलं आणि मी मागून सहज म्हणालो, "मासा एवढा ताजा म्हटल्यावर महाग असणारच." शेवंतीने मला तिथल्या तिथे भाऊ मानलं. पद्मजाने घरी आल्या आल्या पिशवी माझ्या हातात दिली आणि तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली.

एरवी मी इतका मऊ माणूस नाही. सरकारी खात्यात हेडक्लार्क आहे. जेवणाच्या सुट्टीआधी किमान अकरा अर्ज "पुरावा जोडलेला नाही" म्हणून परत करतो. पण समोर विकणारा माणूस उभा राहिला, की माझं काहीतरी होतं. त्याने भाव सांगितला रे सांगितला, की मेंदू जागा व्हायच्या आत तोंड "ठीक आहे" म्हणून मोकळं होतं.

तर गोष्ट काच पुसण्यावरून सुरू झाली. आमची चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला सोळाव्या मजल्यावर जागा मिळाली, आणि हॉलमध्ये मी एक फिशटँक ठेवला. त्यात चार साधे मासे. पण सहा महिन्यांत काचेवर हिरवं शेवाळ धरलं. पद्मजा रोज म्हणायची, "अहो, ती काच पुसा." मी रोज "रविवारी" म्हणायचो. शेवटी शेजारच्या अभयने मला वाचवलं. अभय पस्तिशीचा आहे, घरून काम करतो म्हणतात, पण मी त्याला काम करताना पाहिलेलं नाही. त्याला जगातल्या प्रत्येक विषयातलं थोडं थोडं फोनवरून येतं.

"काका, काच कसली पुसताय? कॅटफिश आणा. तोंडाने काच चाटतो तो. दोनशे रुपयांत काम. लाइफटाइम."

दोनशे रुपयांत जन्माची काच पुसून होणार असेल तर कोणाला नको? मी त्याच शनिवारी माटुंग्याला गेलो. तिथे एका गल्लीत 'नीलजल अॅक्वेरियम' नावाचं दुकान आहे. मालक अनिश. वय तिशीच्या आतबाहेर, गळ्यात जाड चेन आणि बोलणं असं, की गिऱ्हाइकाला आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटावं.

"सर, काच चाटणारा ना? आहे ना. पण तुम्ही मला शौकीन वाटता. एक चीज दाखवतो."

त्याने दोन टाक्यांसमोर नेऊन उभं केलं. पहिल्या टाकीत करडे मासे, चपटे, मिशीवाले, अंगावर पांढुरके ठिपके. दुसऱ्या टाकीत तेच मासे, पण काळेभोर, आणि त्यावर हळदीसारखे पिवळे ठिपके. मासा एकच, मिशी एकच, काच चाटायची पद्धतसुद्धा एकच. पहिल्या टाकीवर लिहिलं होतं 'तापाजोस, ८५०'. दुसऱ्या टाकीवर 'शिंगू, ८५००'.

"फरक काय?" मी विचारलं.

"नदीचा, सर. दोन्ही ब्राझीलच्या. पण शिंगूच्या पाण्यात रंग चढतो, तो दुसरीकडे नाही चढत. जाणकार माणूस ठिपका बघून नदी सांगतो."

आता हे वाक्य त्याने एखाद्या घाटावरच्या माणसाला सांगितलं असतं, तर तो हसून निघून गेला असता. पण मी आरोलकर, मूळ वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे कालवं आली तर आधी खाडी विचारतात, मग भाव. एका खाडीची कालवं गोड आणि पलीकडच्या खाडीची मचूळ, यावरून आमच्या दोन काकांनी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. नदी बदलली की मासा बदलतो आणि मासा बदलला की भाव बदलतो, हे मला कोणी पटवून द्यायची गरजच नव्हती. मी आईच्या पोटातूनच पटवून घेऊन आलो होतो.

"काही कमी?" मी किमतीच्या पाटीकडे बघत विचारलं.

"सर, तुमच्याकडे बघून मी आधीच कमी सांगितलंय."

झालं. "ठीक आहे," असं मला ऐकू आलं आणि आवाज माझाच होता. फोनवरून पैसे गेले, छापील बिल खिशात आलं आणि साडेआठ हजारांचा मासा प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्याकडे बघू लागला. पिशवीधारक तो पिशवीधारकच.

दार पद्मजाने उघडलं. "आणलात? केवढ्याला?"

"साडेआठ..." म्हणालो आणि पुढचा शब्द काही केल्या बाहेर येईना.

"साडेआठशे?" ती किंचाळली. "दोनशेचा आणायला गेला होतात ना?"

मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं माझं त्या वेळी मत होतं. आता पुढचा तोफखाना सुरू होणार, इतक्यात अभय आत आला. त्याने माशाचा फोटो काढला, फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि उडालाच.

"काकू, साडेआठशे? हा शिंगूचा आहे! ऑनलाइन नऊ-दहा हजारांच्या खाली नाही! काका, तुम्ही नक्की काय केलंत त्या दुकानदाराचं?"

पद्मजाने फोन बघितला. मासा बघितला. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या नजरेत मला असं काहीतरी दिसलं, जे फक्त पाच किलो कोळंबी निम्म्या भावात मिळाली की दिसतं.

"अहो," ती म्हणाली, "दहा हजारांचा मासा साडेआठशेला? तुम्ही?"

खरं सांगायची ती वेळ होती. मला कळत होतं. पण माणसाला सत्तावीस वर्षांनी एकदा मान मिळाला, तर तो लगेच परत करावा असा कुठे कायदा आहे? मी म्हणालो, "जमलं जरा." आणि बिल कपाटात, इन्कमटॅक्सच्या फाइलीत, जिथे देवसुद्धा बघत नाही तिथे ठेवून दिलं.

त्या रात्री मला न मागता दोनदा सोलकढी मिळाली. दुसऱ्या दिवशी ही बातमी लिफ्टमधून सगळ्या मजल्यांवर गेली. पद्मजा एकेकीला थांबवून सांगत होती, "आमचे हे बोलत नाहीत, पण एकदा बोलले ना, की समोरचा संपला." आणि वर तिने जाहीर करून टाकलं, की या वर्षी श्रावण संपला, गणपती झाले, की पहिल्या रविवारी बाजारात भाव हे करतील. पिशवी ती स्वतः धरेल.

मी कॅलेंडरवर तो रविवार शोधला आणि मधले दिवस मोजले.

दोन दिवसांनी रखमाकाकू आल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, गिरणीत आयुष्य घालवलेल्या नवऱ्याच्या मागे एकट्या राहतात, आणि चाळीपासून आमच्या भिंतीला भिंत लावून आहेत. टाकीला डोळे लावून त्या बराच वेळ बसल्या.

"गंगाधरा, ह्यो शिंगाळो मां रे?"

"त्या मिशीवाल्याच्याच नात्यातला, काकू. पण हा शोभेचा."

"शोभेचो म्हणजे काय? तिखलां करून खावक जमणा नाय?" असं म्हणून त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढले. "माका पण एक आणून दी. साडेआठशेचोच. अभयाक पण होयो आसा, पण त्याची बायल घरात ठेवूक देत नाय. तो माझ्याकडेच ठेवतलो."

आता काय करायचं? दोन शिंगू म्हणजे सतरा हजार. मी पुन्हा माटुंग्याला गेलो आणि तापाजोसचे दोन पांढरे ठिपकेवाले, साडेआठशेला एक याप्रमाणे, अगदी खऱ्याखुऱ्या साडेआठशेला आणले. काकूंना म्हणालो, "पिवळा शेवटचा होता. हे दुसऱ्या नदीचे."

काकूंनी पिशवी उजेडात धरली. "म्हणजे तू ब्राझीलचो हापूस घेतलंस नि माका रायवळ दिलंस."

अभय मात्र मोठ्या मनाचा. "जाऊ दे काका, लक प्रत्येकाचं असतं. पण तुमच्याला नीट ठेवा. एवढा भारी मासा आणि खाली ही काळपट खडी? शोभत नाही. व्हाइट सँड टाका. वर एलईडी. आणि इम्पोर्टेड फूड." मी तिन्ही केलं. पांढरीशुभ्र वाळू, वर ऑपरेशन थिएटरसारखा दिवा आणि डबीवर परदेशी अक्षरं असलेलं खाणं. या सगळ्याचा खर्च मी पद्मजाला सांगितला नाही, आणि आता तुम्हालाही सांगत नाही.

या दिव्याचाच उजेड बाहेर पडला आणि तो सेक्रेटरींच्या डोळ्यांत गेला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अजितराव. माणूस सज्जन, पण टॉवर झाल्यापासून त्यांना नियमावली वाचायची सवय लागली आहे. ते एक छापील फॉर्म घेऊन आले. वर शीर्षक, 'सदनिकेत पाळीव प्राणी ठेवणेबाबत'.

"आरोलकर साहेब, नियम सगळ्यांना सारखा."

मी बसून फॉर्म भरला. प्राण्याची जात: कॅटफिश. भुंकतो का: नाही. "खात्री आहे?" अजितरावांनी विचारलं. मी म्हणालो, आहे. चावण्याच्या तक्रारी: निरंक. मूळ ठिकाण: शिंगू नदी, ब्राझील. त्यांनी चष्मा वर केला. "परदेशी? मग कधीपासून इथे राहतो, याला काही पुरावा?" मी ज्या शब्दावरून तीस वर्षं लोकांचे अर्ज परत केले, तोच शब्द मला माझ्याच सोफ्यावर बसून ऐकावा लागला. शेवटचा रकाना होता, 'खरेदीचे बिल जोडावे.'

"बिल सापडत नाहीये," मी म्हणालो.

"सावकाश द्या. पण गणपतीच्या आत. फाइल ऑडिटला जाते. आणि मग मी यादी नोटीस बोर्डवर लावतो, किमतीसकट. पारदर्शक कारभार."

म्हणजे माझे साडेआठ हजार, चार अंक, लिफ्टशेजारी, काचेच्या पेटीत. पद्मजा दिवसातून सहा वेळा लिफ्ट वापरते.

आणि वर श्रावण लागला. आमच्या मजल्यावर श्रावण म्हणजे गौरी-गणपती उठेपर्यंत मासळी बंद. दुसरा आठवडा उलटला तसे लोक आमच्याकडे "सहज" येऊ लागले. टाकीसमोर खुर्च्या मांडून बसायचे. "याचं डोकं टाकून आमसूल घालून छान होईल," अशी चर्चा माझ्या माशाच्या तोंडावर व्हायची. मला त्याच्याकडे बघवत नसे. पद्मजा चहा करायची आणि प्रत्येक नव्या पाहुण्याला साडेआठशेची गोष्ट सांगायची. ती सांगताना तिचा चेहरा इतका खुलायचा, की मी दर वेळी ठरवायचो, आज नको, उद्या खरं सांगू. असे उद्या मी पाच आठवडे केले.

याच पाच आठवड्यांत एक गोष्ट हळूहळू घडत होती. माझा मासा उतरत होता. मरत नव्हता, खात होता, काच चाटत होता. पण रंग! आधी काळ्याचा करडा झाला. मग ठिपके हळदीचे लिंबाचे झाले, लिंबाचे ताकाचे झाले. शेवटी एका सकाळी बघतो, तर समोर सरळसरळ तापाजोस. मी दिवा आणखी वाढवला. अभय म्हणाला, "काका, फूड डबल करा." मी केलं. ठिपके आणखी पांढरे झाले.

आणि एका संध्याकाळी पद्मजा रखमाकाकूंकडे वाटीभर साखर द्यायला गेली ती धावतच परत आली.

"अहो, चला आधी! काकूंचे मासे बघा!"

काकूंनी मासे कपडे भिजवायच्या काळ्या टबात ठेवले होते. तळाला जुन्या पाट्याचा तुटलेला काळा दगड, त्याच्या आडोशाला नारळाची करवंटी, आणि पाण्यात लाल भोपळ्याच्या फोडी. करवंटीतून दोन मिश्या बाहेर आल्या. मागून दोन मासे. काळेभोर. अंगावर पिवळेजर्द ठिपके, अगदी अनिशच्या दुसऱ्या टाकीसारखे.

"भोपळा कशाला, काकू?" मी विचारलं.

"माझ्या घरात श्रावण म्हणजे श्रावण. मासो झालो म्हणून काय झाला? तो पण पाळता."

रंग खरा आहे का, ते मी पाण्यात बोट घालून बघितलं. पद्मजाच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरत होतं. ती माशाकडून काकूंकडे आणि काकूंकडून माशाकडे बघत म्हणाली, "आमचा पिवळा होता तो पांढरा झाला. तुमचे पांढरे होते ते पिवळे झाले. काकू, मागच्या महिन्यात आम्ही दोन दिवस गावी गेलो तेव्हा चावी तुमच्याकडे होती ना?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. काकू उभ्याच राहिल्या.

"पद्मजा, चाळीत पन्नास वर्षां मी दार उघडा टाकून झोपलंय. कोणाची सुई हलाक नाय. नि आज मी तुझो मासो बदलतलंय?" त्यांनी फळीवरचा कडीचा डबा काढला. "चल. आत्ताच्या आत्ता चल त्या दुकानात. तोच सांगतलो कोणाचो कुठलो ता."

मी म्हणालो, "आज दुकान बंद असेल." अभयने फोन बघितला. "नाही काका, नऊपर्यंत ओपन." मी म्हणालो, माशाला प्रवास सोसणार नाही. काकू म्हणाल्या, "ब्राझीलसून इलो मां तो?" मी बादली आणायला गेलो.

टॅक्सीत आम्ही चौघे आणि तीन मासे. पुढे अभय. मागे मधोमध मी, मांडीवर झाकणाची बादली, तिच्यात माझा पांढरा पडलेला मासा. एका बाजूला काकू, त्यांच्या मांडीवर कडीचा डबा, त्यात दोन पिवळे. दुसऱ्या बाजूला पद्मजा. टॅक्सीवाल्याने वास घेऊन विचारलं, "साहेब, सावन में मच्छी?" काकूंनी त्याला गप्प केलं.

दुकानात अनिश गिऱ्हाईक करत होता. मी मुद्दाम दाराशी, कासवांच्या टाकीमागे उभा राहिलो. काकूंनी काउंटरवर डबा ठेवला आणि झाकण काढलं.

"बाबा, ह्यो मासो खंयच्या नदीचो?"

अनिशने डब्यात डोकावलं आणि त्याचे डोळे चमकले. "आजी! एकदम प्युअर शिंगू! बघा, हा पिवळा रंग दुसऱ्या नदीला येतच नाही. आठ-साडेआठ हजारांचा एक पीस. कुठून घेतलात? विकणार का?"

"तुझ्याकडसून घेतलंय," काकू म्हणाल्या. "तापाजोस म्हणान. साडेआठशाक एक."

अनिशचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला आनंद गेला. तेवढ्यात पद्मजाने माझी बादली ओढून पुढे केली. "आणि हा?"

तो बिचारा सवयीने बोलून गेला. "हा साधा, मॅडम. पाच-सहाशेचा माल."

"हा तुझा शिंगू," पद्मजा म्हणाली. "आमच्या ह्यांनी तुझ्याकडूनच घेतला."

अनिशने मान वर केली. कासवांच्या टाकीमागे त्याला मी दिसलो. घाबरलेला माणूस खरं बोलतो, तसं तो बोलला. "सर! सर, तुम्ही सांगा ना मॅडमना. तुम्ही स्वतः पसंत केला. मी जबरदस्ती नाही केली. साडेआठ हजार तुम्ही हसत हसत ट्रान्सफर केलेत."

दुकानातल्या सगळ्या टाक्यांचे बुडबुडे मला एकदम मोठ्याने ऐकू येऊ लागले.

"किती?" पद्मजाने मला विचारलं.

"साडेआठ हजार."

"आणि साडेआठशे?"

"ते तू म्हणालीस," मी म्हणालो. "मी फक्त नाही म्हणालो नाही."

खरं सांगतो, मला पैशांचं काही वाटलं नाही. ते तर कधीच गेले होते. वाईट याचं वाटलं, की गेले पाच आठवडे माझी बायको माझ्याबद्दल लोकांना अभिमानाने काहीतरी सांगत होती आणि आता ते तिच्याकडे राहिलं नव्हतं. मला तिच्याकडे बघायची लाज वाटली. मी कासवांकडे बघत राहिलो. 

मग पद्मजाने स्टूल ओढलं, अनिशसमोर बसली आणि पदर खोचला. हा पदर मी ओळखतो. लालबागच्या बाजारात हा पदर खोचला गेला, की कोळणी एकमेकींना खुणा करतात.

"कागद काढ," ती म्हणाली.

"कुठला कागद, मॅडम?"

"शिंगू नदीच्या मागे लावलाय तो." तिने स्वतःच उठून पिवळ्या माशांच्या टाकीमागे हात घातला आणि काळा कागद टरकन ओढला. खालची खडीही काळी. पांढऱ्या माशांच्या टाकीला मागे पांढरं, खाली पांढरं. "आमची शेवंती पापलेटावर पिवळा बल्ब लावते. सत्तावीस वर्षं मी आधी तिचा बल्ब बंद करायला लावते, मग भाव करते. तू काळा कागद लावतोस, की मासा काकूंच्या काळ्या टबातल्यासारखा आपोआप काळा होतो. आणि पिवळ्यासाठी खायला काय, भोपळा का गाजर?"

"गाजर," अनिश पुटपुटला. "आणि थोडी सिमला मिरची, लालवाली."

"दोन्ही नद्या आहेत कुठे?"

"एका माणसाच्या गच्चीवर, मॅडम." त्याने मान खाली घातली. "माल एकच येतो. खऱ्या नदीचे असतात, आई शपथ असतात, त्यांचा रंग खरंच वेगळा असतो. पण ते आणायची माझी ऐपत नाही."

काकूंनी डब्यावर झाकण ठेवलं. पद्मजा त्यांच्याकडे वळली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "काकू, चुकलं माझं. थोबाडीत मारा." काकूंनी खरोखरच एक चापट मारली, पण हळू. मग त्याच हाताने गाल कुरवाळला.

आता भाव सुरू झाला. अनिश म्हणाला, दोन हजार परत देतो. पद्मजा नुसती बसून राहिली. अनिश म्हणाला, चार. पद्मजाने काळ्या कागदाची घडी घातली. अनिश म्हणाला, सर माझे जुने गिऱ्हाईक आहेत म्हणून पाच, आणि वर खाण्याची डबी फुकट. तेवढ्यात दुकानात एक गिऱ्हाईक शिरलं आणि त्याने विचारलं, "वो येलोवाला कितने का?" पद्मजाने त्याच्याकडे वळून नुसतं तोंड उघडलं.

"मॅडम, मॅडम!" अनिश काकुळतीला आला. "तुम्हीच सांगा. पूर्ण साडेआठ हजार परत?"

"छे, छे," पद्मजा म्हणाली. "मासा आम्ही ठेवणार, मग पूर्ण कसे? साडेआठशे तू ठेव. बाकीचे दे."

अनिशने फोन काढला. माझ्या खिशात सात हजार सहाशे पन्नास रुपये वाजले.

"आणि बिल नवं कर," ती पुढे म्हणाली. "जुन्या बिलात चुकून एक शून्य जास्त पडलं होतं, असं खाली लिही. सही कर, शिक्का मार. सोसायटीच्या फाइलीत लावायचंय."

त्या क्षणी मला कळलं, की ती पैसे परत घ्यायला बसलीच नव्हती. ती माझं खोटं खरं करत होती. मला गहिवरून आलं. मी काहीतरी बोलायला पुढे झालो, तर ती न बघताच म्हणाली, "तुम्ही बोलू नका हं मधे."

निघताना अनिशने काकूंना त्यांच्या दोन माशांचे चार हजार देऊ केले. "विकूचो नाय," काकू म्हणाल्या. "माझो मासो उपास पाळता." परतीच्या टॅक्सीत त्या एकदम म्हणाल्या, "माका हल्ली कानान कमीच ऐकाक येता. दुकानात काय बोलणी झाली ती काय समाजली नाय." पुढच्या सीटवरून अभय म्हणाला, "मी पण फोनमध्ये होतो, काका. काही ऐकलं नाही." आणि मागे वळून न बघता त्याने फोनमध्ये डोकं घातलं. फोनची बॅटरी माटुंग्यालाच संपली होती, मला माहीत होतं.

अजितरावांनी बिल दोन्ही बाजूंनी तपासलं. यादी नोटीस बोर्डवर लागली. 'आरोलकर, १६वा मजला, परदेशी मासा एक, रु. ८५०.' लोक लिफ्टची वाट बघताना ती वाचतात आणि माझ्याकडे आदराने बघतात. माझा मासा महिनाभर काकूंच्या टबात माहेरपणाला गेला. भोपळा खाऊन आता तोही पिवळा व्हायला लागला आहे. काच मी स्वतः पुसतो.

पण घरात पद्मजा त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. गौरी गेल्या, गणपती गेले आणि कॅलेंडरवरचा तो रविवार उजाडला. मी पहाटेपासून जागा होतो. बाजारात सगळा सोळावा मजला हजर. पाच आठवड्यांचे भुकेले लोक, आणि माझा भाव बघायला आलेले. शेवंतीने पापलेटं पाण्याने चमकवली, पिवळा बल्ब पेटवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं पद्मजाताई, आज साहेब भाव करनार ना? सगळा बाजार बोलतो. येऊ द्या साहेबांना पुढं!"

ती जोडीचे किती सांगणार आणि मी काय म्हणणार, ते मला आधीच ऐकू येत होतं. पद्मजाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावरची रिकामी पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते मोठ्या माशांचा भाव करतात गं. हे बारीकसारीक मीच बघते. आधी तो बल्ब बंद कर."

मी पिशवीचं तोंड उघडून तिच्या मागे उभा राहिलो.